उकाड्यात पुन्हा पुन्हा सुटणारी खाज: आधी ओळखा, मग मलम लावा

उकाडा वाढला की अंगाला खाज सुटते. घरातलं एखादं मलम लावलं की चार दिवस बरं वाटतं, आणि मग तीच खाज त्याच जागी परत येते, बहुतेकदा आधीपेक्षा जास्त. असं दरवर्षी होत असेल तर दोष नुसता उन्हाचा नाही. उष्णतेत खाज आणणारे निदान सात-आठ वेगळे विकार आहेत. खाज सगळ्यांची सारखीच भासते, पण उपाय एकमेकांच्या उलट असतात. कोरड्या त्वचेला जे स्निग्ध मलम लागतं तेच घामोळ्यावर लावलं तर घामोळं वाढतं. इसब शांत करणारं स्टेरॉइड नायट्याला पोसतं. त्यामुळे कोणतं मलम चांगलं, हा प्रश्न नंतरचा. आधी हे नक्की काय आहे ते पाहायला हवं.

आधी चार गोष्टी बघा

भरपूर उजेडात, आरशासमोर उभं राहून बघा. पाठीसाठी कुणाची तरी मदत घ्या किंवा फोटो काढा.

पहिली गोष्ट जागा. मान, पाठ, छाती, कोपराची खोबण अशा कपड्याखाली घाम साचणाऱ्या जागी बारीक पुरळ असेल तर घामोळ्याची शक्यता जास्त. जांघ, कंबर, नितंब आणि तिथे कडा असलेले चट्टे असतील तर नायटा. बोटांच्या बेचक्या, मनगट, बेंबीभोवती असेल तर खरूज. फक्त उघड्या भागावर, म्हणजे गळ्याचा पुढचा भाग, हाताची बाहेरची बाजू, अशा ठिकाणी असेल तर उन्हाची ॲलर्जी. पॅन्टच्या बटणाखाली, घड्याळाच्या पट्ट्याखाली किंवा इलॅस्टिकच्या रेषेत असेल तर त्या वस्तूचीच ॲलर्जी.

दुसरी गोष्ट वेळ. घाम येऊ लागल्यावर काही मिनिटांत सुरू होऊन तासाभरात मावळणारी खाज वेगळी, दिवसभर चुरचुरणारी वेगळी आणि अंथरुणावर पडल्यावर झोप उडवणारी वेगळी.

तिसरी गोष्ट पुरळ किती टिकतो. यासाठी एक सोपी युक्ती आहे. एका उंचवट्याभोवती बॉलपेनने गोल काढा आणि २४ तासांनी बघा. गोलातला उंचवटा मागे काहीही न ठेवता गेला असेल आणि दुसरीकडे नवे उठले असतील, तर ते अंगावर उठलेलं पित्त, म्हणजे गांधी. तो तिथेच असेल तर गांधी नाहीत, दुसरं काही शोधा.

चौथी गोष्ट, घरात आणखी कुणाला खाजतंय का? एकाच वेळी दोघा-तिघांना असेल तर उकाड्याला बोल लावण्याआधी खरूज, नायटा आणि ढेकूण या तिन्ही शक्यता तपासा.

घामोळं

घाम त्वचेवर येण्यासाठी बारीक नलिका असतात. सतत ओली राहिलेली त्वचा फुगते, मृत पेशींचा थर नलिकेचं तोंड बंद करतो आणि घाम आतच झिरपतो. अडथळा किती खोल आहे त्यावर पुरळाचं रूप ठरतं. अगदी वरच्या थरात अडला तर पाण्याच्या थेंबासारखे पारदर्शक फोड येतात. ते खाजत नाहीत आणि आपोआप फुटून जातात. त्याखाली अडला की लाल, टोचणारे, चुरचुरणारे बारीक दाणे येतात. आपण ज्याला घामोळं म्हणतो ते हेच. ते वारंवार होत राहिलं तर अडथळा आणखी खोल जातो. मग त्वचेच्याच रंगाचे कठीण उंचवटे दिसतात आणि खाज उलट कमी होते. खाज कमी झाली म्हणून इथे निश्चिंत होऊ नये: त्या भागातून घामच बाहेर येत नसतो. असा भाग मोठा असेल तर शरीराला थंड होता येत नाही आणि उष्माघाताचा धोका वाढतो.

घामोळ्यावरचा खरा उपाय एकच, त्वचा थंड आणि कोरडी ठेवणं. बाकी सगळं खाजेपुरतं. लाल दाणे थंड जागी काही दिवसांत बसतात, पण बंद झालेल्या नलिका पूर्ववत व्हायला दोन-तीन आठवडेही लागू शकतात. घामोळं परत परत येण्याचं कारण नेमकं इथे आहे. पुरळ दिसेनासा झाला की माणूस पुन्हा घट्ट कपड्यात, भर उन्हात कामाला लागतो आणि अर्धवट उघडलेल्या नलिका पुन्हा बंद होतात. पुरळ गेल्यावरही किमान दोन आठवडे दिवसातले काही तास तरी त्वचा पूर्ण कोरडी राहील असं बघा. रात्रीची झोप थंड, हवेशीर जागी झाली तरी बराच फरक पडतो. नव्याने उष्ण हवेत राहायला गेलेल्यांच्या शरीराला उकाड्याची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्या काळात श्रमाचं काम हळूहळू वाढवावं.

लावायचं असेल तर कॅलामाइन लोशन. बाटली नीट हलवा, कापसाने पातळ थर द्या, वाळू द्या. दिवसातून तीन-चार वेळा चालतं. ते त्वचा कोरडी करतं, म्हणून दाणे बसले की थांबवा. तेल, पेट्रोलियम जेली, घट्ट क्रीम यातलं काहीही नको, कारण ते बंद तोंडावर आणखी झाकण घालतात. टाल्कम पावडरबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: पूर्ण कोरड्या त्वचेवर अगदी थोडी चालेल, घामावर भुरभुरलेली चालणार नाही. घामात तिचा लगदा होतो, तो घड्यांत साचतो आणि घासून त्वचा सोलवटतो. तान्ह्या बाळाला तर पावडर नकोच. ती श्वासातून फुप्फुसात जाते.

बाळांच्या घामनलिका पूर्ण विकसित नसतात, त्यामुळे त्यांना घामोळं लवकर होतं. बाळाच्या मानेमागे हात लावून बघा. तिथे गरम आणि दमट लागलं तर एक कपडा कमी करा. मेंथॉल किंवा कापूर असलेलं कोणतंही लोशन दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नका.

नायटा, आणि तो बरा का होत नाही

पुन्हा पुन्हा येणाऱ्या खाजेत सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो. नायटा किंवा गजकर्ण म्हणजे बुरशीचा संसर्ग. ओळख अशी: चट्टा बाहेरच्या बाजूने पसरत जातो, कडा लालसर, खवलेदार आणि जरा उंच, मधला भाग त्यामानाने साफ. घाम साचणाऱ्या जागा बुरशीला सोयीच्या, म्हणून उकाड्यात जोर.

आता नेहमीची चूक. अनेक लोकप्रिय मलमांत बुरशीचं औषध, प्रतिजैविक आणि तीव्र स्टेरॉइड अशी तिन्ही एकत्र असतात. स्टेरॉइडमुळे लाली आणि खाज दोन दिवसांत ओसरते, पण त्याच वेळी त्या जागेची प्रतिकारशक्तीही दबते आणि बुरशी आरामात पसरते. मलम थांबवलं की खाज दुपटीने परत येते, म्हणून पुन्हा तेच मलम. काही महिन्यांनी चट्ट्याची ओळखीची कडाही पुसट होते, म्हणजे डॉक्टरांनाही पटकन ओळखू येत नाही. जांघेतली त्वचा पातळ होते, तिथे कायमच्या रेघा पडतात. म्हणून हातातल्या ट्यूबवरची बारीक अक्षरं आत्ताच वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यांपैकी कोणतंही स्टेरॉइड असेल तर ते नायट्यावर लावू नका. बरेच महिने लावत आला असाल तर थांबवल्यावर लाली आणि आग उसळू शकते, तेव्हा डॉक्टरांना सांगूनच थांबवा.

योग्य उपचार नीरस आहे, पण तो चालतो. नुसतं बुरशीविरोधी क्रीम घ्या, उदाहरणार्थ क्लोट्रिमाझोल १ टक्का, दिवसातून दोनदा. आधी जागा धुवा आणि पूर्ण कोरडी करा. मग बाहेरून आत अशा दिशेने लावा आणि कडेच्या पलीकडे दोन सेंटीमीटर निरोगी त्वचेवरही लावा, कारण बुरशी दिसते त्यापेक्षा पुढे पोचलेली असते. चट्टा पूर्ण दिसेनासा झाल्यानंतरही दोन आठवडे चालू ठेवा. बहुतेक जण खाज थांबली की, म्हणजे पहिल्याच आठवड्यात, सोडून देतात. उरलेली बुरशी तीन आठवड्यांनी पुन्हा डोकं वर काढते.

औषध नीट लावूनही चार आठवड्यांत फरक नसेल, चट्टे मोठे किंवा अनेक असतील, टाळूवर किंवा नखांत पसरलं असेल, तर पोटात घ्यायचं औषध लागतं आणि ते डॉक्टरांनीच ठरवायचं. अलीकडे ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी अनेक देशांत आढळते. ती टर्बिनाफिन या नेहमीच्या बुरशीविरोधी औषधाला बऱ्याचदा दाद देत नाही, त्यामुळे जुन्या चिठ्ठीवरच्या गोळ्या स्वतःच पुन्हा सुरू करण्यात अर्थ नाही.

औषधाइतकंच महत्त्व कपड्यांना आहे. टॉवेल, अंतर्वस्त्रं, पायमोजे आणि अंथरुणावरची चादर वेगळी ठेवा. ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय वापरू नका. पायाच्या बोटांत बुरशी असेल तर तीही त्याच वेळी बरी करा आणि कपडे घालताना आधी पायमोजे, मग अंतर्वस्त्र चढवा. नाहीतर पायाची बुरशी जांघेत जाते. घरात आणखी कुणाला नायटा असेल तर सगळ्यांचे उपचार एकदमच सुरू व्हायला हवेत.

घड्यांमधला ओला दाह

काख, स्तनांखाली, पोटाची घडी, जांघ. दोन त्वचा एकमेकींवर घासतात, घाम निघून जात नाही, जागा लालभडक आणि ओलसर होते, आग होते. लालीच्या आजूबाजूला सुट्या बारीक पुटकुळ्या विखुरलेल्या दिसल्या तर कँडिडा या बुरशीचा संसर्ग वर बसलाय असं समजा. इथेही क्लोट्रिमाझोल चालतं. नुसताच घासल्याचा दाह असेल तर झिंक ऑक्साइडचं मलम पातळसं लावून घडीत मऊ, स्वच्छ सुती कापड ठेवा आणि ते ओलं झालं की लगेच बदला. वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्या.

घाम आला की टोचणारे बारीक दाणे

व्यायाम, गरम पाण्याची आंघोळ, तिखट जेवण किंवा अगदी संताप, म्हणजे शरीराचं आतलं तापमान वाढवणारं काहीही झालं की काही मिनिटांत छाती-पाठीवर एक ते तीन मिलिमीटरच्या गांधी उठतात, सुया टोचल्यासारखं होतं आणि अर्ध्या-एक तासात सगळं साफ. हे घामोळं नाही. घामोळं तासाभरात जात नाही. घामोळ्याचं लोशन इथे कामाचं नाही, उपयोग होतो तो गुंगी न आणणाऱ्या ॲलर्जीच्या गोळीचा. सेटिरिझिन १० मिलिग्रॅम किंवा लोराटाडिन १० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, प्रौढांसाठी. हल्ले रोजचे असतील तर गोळी रोज घ्यावी लागते. गांधी उठल्यावर घेतली तर ती काम करेपर्यंत हल्ला संपलेला असतो. सेटिरिझिननेही काहींना झोप येते, तेव्हा पहिली गोळी रात्री घ्या आणि गाडी चालवण्याआधी अंदाज घ्या. गर्भवती, मूत्रपिंडाचा विकार असलेले आणि लहान मुलं यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

गांधींबरोबर चक्कर, ओठ किंवा जीभ सुजणं, श्वासात घरघर असं काही झालं तर व्यायाम तिथेच थांबवा आणि तातडीने रुग्णालय गाठा.

ऊन, धातू, साबण

उन्हाची ॲलर्जी ऋतूच्या सुरुवातीला जास्त होते. हिवाळाभर झाकलेल्या त्वचेवर पहिलं कडक ऊन पडलं की काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी खाजरे लाल दाणे येतात. चेहऱ्याला वर्षभर ऊन लागत असल्याने तो बऱ्याचदा सुटतो. पुन्हा ऊन टाळलं तर एक-दोन आठवड्यांत डाग न ठेवता जातात. उन्हातल्या यूव्हीए (अतिनील) किरणांपासूनही संरक्षण देणारं, एसपीएफ ३० किंवा जास्तीचं सनस्क्रीन लागतं, आणि ते दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागतं. काचेतून यूव्हीए येतं, त्यामुळे गाडीत बसूनही त्रास होऊ शकतो. हा पुरळ काही गोळ्यांमुळेही येतो, उदाहरणार्थ डॉक्सिसायक्लिन आणि रक्तदाबासाठी दिली जाणारी काही मूत्रल औषधं. नवी गोळी सुरू केल्यावर पुरळ आला असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, मनाने गोळी बंद करू नका.

धातूच्या वस्तूंतलं निकेल घामात विरघळतं. म्हणूनच जी बकल किंवा साखळी थंडीत त्रास देत नाही ती उकाड्यात देते. दोन-तीन आठवडे ती वस्तू पूर्ण बंद ठेवून बघणं हीच चाचणी. अत्तर, डिओडरंट, कपड्याचा गडद रंग यांनाही हाच नियम, पण एका वेळी एकच गोष्ट बंद करा, नाहीतर गुन्हेगार कळणार नाही. धुलाई पावडर जास्त पडली की तिचा अंश कपड्यात राहतो आणि घामाने भिजून त्वचेला झोंबतो. पावडरचं प्रमाण कमी करा, शेवटी आणखी एकदा साध्या पाण्यातून काढा, कपडे मऊ करणारं द्रव सोडून द्या.

खरूज

रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत बारीक रेघा, घरात इतरांनाही त्रास. परमेथ्रिन ५ टक्के क्रीम रात्री मानेपासून तळपायांपर्यंत, नखांखाली आणि घड्यांतसुद्धा, एकही जागा न सोडता लावायचं, ८ ते १४ तासांनी धुवायचं आणि सात दिवसांनी पुन्हा तसंच. घरातल्या सगळ्यांनी, ज्यांना खाज नाही त्यांनीही, एकाच दिवशी. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुरू व्हायला चार ते सहा आठवडे लागू शकतात, त्यामुळे खाज नसलेला माणूसही खरजेचे सूक्ष्म किडे बाळगून असू शकतो. बाळं आणि गर्भवतींसाठी डॉक्टरांना विचारा. जे कपडे गरम पाण्यात धुता येत नाहीत ते पिशवीत घट्ट बांधून किमान तीन दिवस ठेवा. उपचार यशस्वी झाल्यावरही खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते. तेवढ्यावरून क्रीम पुन्हा पुन्हा लावत बसू नका, त्यानेच त्वचा चिडते.

पुरळच नाही, नुसती खाज

यातली बरीच प्रकरणं कोरड्या त्वचेची असतात. उकाड्यात त्वचा कोरडी कशी, असं वाटेल. पण दिवसातून तीनदा साबण लावून आंघोळ आणि उरलेला वेळ वातानुकूलित खोलीत, एवढं त्याला पुरेसं आहे. त्वचेचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता मोजण्याचं माप) साधारण ४.५ ते ५.५, नेहमीच्या साबणाचा ९ ते १०, म्हणून तो त्वचेला मानवत नाही. साबण फक्त काख, जांघ आणि पावलांपुरता ठेवा. पाणी कोमट किंवा गार, वेळ पाच-दहा मिनिटं. अंग टिपून घ्या, घासू नका, आणि त्वचा जरा ओलसर असतानाच पातळ, बिनवासाचं लोशन पोटऱ्या आणि हातांवर लावा. घामोळ्याच्या जागा मात्र सोडून. इसब असलेल्यांना घाम स्वतःच झोंबतो. घाम आला की साध्या पाण्याने धुणं आणि लगेच लोशन, एवढा क्रम पाळला तरी निम्मं काम होतं.

दोन-तीन आठवडे हे करूनही अंगभर खाज राहिली तर रक्त तपासायला हवं. यकृत, मूत्रपिंड, थायरॉइड, लोहाची कमतरता यांची खाज अशीच, विनापुरळ असते. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत तळहात-तळपायांना रात्री तीव्र खाज सुटली तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. त्यामागे पित्तप्रवाह अडण्याचा विकार असू शकतो आणि बाळाच्या दृष्टीने तो गंभीर आहे.

आत्ता, या क्षणी खाज असह्य झाली असेल तर

खाजवल्याने त्वचेत दाह वाढवणारी द्रव्यं आणखी सुटतात, त्याने पुन्हा खाज. हे चक्र गारव्याने तुटतं. गार पाण्यात भिजवून पिळलेलं कापड दहा मिनिटं ठेवा, मग जागा पंख्याखाली वाळू द्या. बर्फ थेट लावू नका, कापडात गुंडाळा. लोशनची बाटली फ्रिजमध्ये ठेवली तर तेवढाच जास्त आराम. हात वळवळत असेल तर नखाऐवजी तळव्याने दाबा. नखं कापलेली ठेवा, कारण झोपेतल्या खाजवण्यावर आपला ताबा नसतो.

नायटा नाही याची खात्री असेल आणि दाह जास्त असेल तर हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का दिवसातून एकदा किंवा दोनदा, जास्तीत जास्त सात दिवस. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली क्रीमची रेघ म्हणजे अंदाजे अर्धा ग्रॅम, ती प्रौढाच्या बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. चेहऱ्यावर, जांघेत किंवा लहान मुलांना विचारल्याशिवाय नको. ॲलर्जीविरोधी औषधाचं क्रीम टाळलेलं बरं, त्याचीच ॲलर्जी होऊ शकते. लिंबाचा रस, व्हिनेगर, खायचा सोडा, पाणी न घालता लावलेलं जंतुनाशक द्रव, हे सगळं आधीच सोलवटलेल्या त्वचेला भाजतं. ते ठामपणे नाकारा.

डॉक्टरांकडे कधी, आणि काय घेऊन

दाण्यांत पू, जागा गरम आणि दुखरी, लाली पसरते आहे, ताप आहे: हा जिवाणूंचा संसर्ग, त्याच दिवशी दाखवा. उकाड्यात घाम येणं थांबलं आणि गरगरणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं सुरू झालं तर खाज बाजूला ठेवा. माणसाला सावलीत न्या, पाण्याने आणि वाऱ्याने थंड करा आणि रुग्णवाहिका बोलवा. योग्य काळजी घेऊनही दोन-तीन आठवडे खाज टिकली (नायटा आणि खरजेला वर दिलेली मुदत), वजन उगाच घटतंय, रात्री घामाने अंथरूण भिजतंय किंवा डोळे पिवळे दिसतायत, तर वाट बघू नका.

जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, रिकामी असली तरी. पुरळ जोरात असतानाचे तारखेसह फोटो न्या, कारण गांधी तपासणीच्या वेळी हमखास गायब असतात. त्या दिवशी सकाळी त्वचेवर काहीही लावू नका. नायट्याचा संशय असेल तर डॉक्टर कडेची खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, आणि नुकतंच बुरशीचं क्रीम लावलेलं असेल तर त्या तपासणीत बुरशी असूनही दिसत नाही.